एकच घंटा, दोन उंदीर

१९४७ साली कॅल्विन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोन वंशांच्या उंदरांना विजेची कर्कश घंटा ऐकवली. डीबीए वंशाचे उंदीर सैरावैरा धावले, आडवे पडले, आकडी येऊन बरेचसे मेले. सी५७ ब्लॅक वंशाच्या उंदरांवर बहुतांशी काहीच परिणाम झाला नाही. दोन्ही वंश पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांचीच वीण लावून शुद्ध ठेवलेले होते, त्यामुळे फिट येण्याची प्रवृत्ती रक्तातूनच येते हे पक्के झाल्यासारखे वाटले.

पण मग वयाचे काय? डीबीए उंदीर आवाजाला सर्वाधिक बळी पडतो तो साधारण तीन आठवड्यांचा असताना. पूर्ण वाढ झाल्यावर तोच उंदीर बहुधा तग धरतो. १९६७ मध्ये संशोधक केनेथ हेन्री यांनी तर उलटाच प्रकार दाखवला. ‘शांत’ सी५७ पिल्लांना एकदा मोठा आवाज ऐकवला आणि काही दिवसांनी पुन्हा ऐकवला, तर त्यांनाही आकडी येते. म्हणजे उंदीरखान्यातला गोंगाटसुद्धा निकाल फिरवू शकतो. ही गोष्ट आजही पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही.

१९९७ मध्ये आणखी एक गुंता पुढे आला. फिट आणणारे केनिक आम्ल टोचल्यावर वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांना सारख्याच तीव्र फिट आल्या. पण काहींच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी मेल्या, तर सी५७ ब्लॅकपैकीच सी५७ ब्लॅक ६ या उंदरांच्या जवळपास शाबूत राहिल्या. फिट येणे आणि फिटमुळे मेंदूची हानी होणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

जनुके हाती लागल्यावर तरी सगळे सोपे व्हायला हवे होते. माणसांत ड्रॅव्हे सिंड्रोम हा लहानपणी सुरू होणारा गंभीर अपस्मार बहुतेकदा एससीएन१ए या जनुकातल्या दोषाने होतो. २००६ पासून तोच दोष असलेले उंदीर तयार झाले. १२९ या वंशात या जनुकाची एकच प्रत निकामी केली, तर उंदीर जवळपास धडधाकट राहतो; सी५७ ब्लॅक ६ शी संकर केला, की फिट आणि अकाली मृत्यू. दोष तोच, घराणे बदलले.

सर्वांत गमतीचा भाग याच घराण्याचा आहे. जगभर प्रमाण मानला गेलेला, ज्याच्या जीनोमवरून उंदराचा नकाशा रेखला गेला, तो सी५७ ब्लॅक ६जे हा उपवंश स्वतःच निर्दोष नव्हता. मेंदूला आवर घालणाऱ्या गाबा यंत्रणेतल्या गाब्रा२ या जनुकातले एक अक्षर त्याच्यात गळलेले आहे. हा बदल १९७६ ते १९९१ च्या दरम्यान अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेच्या उंदीर-वसाहतीत शिरला असावा. आपण ज्याला मोजपट्टी समजत होतो, तीच वाकलेली होती!

२०१८ मध्ये फिटवर परिणाम करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आतड्यांतल्या जीवाणूंची भर पडली. लॉस एंजेलिसमध्ये एलेन शाओ यांच्या गटाने दाखवले, की कीटोजेनिक (भरपूर चरबी, अगदी कमी कर्बोदके असलेल्या) आहाराने उंदरांना फिटपासून मिळणारे संरक्षण प्रतिजैविके दिल्यावर नाहीसे होते आणि ठरावीक जीवाणू परत दिले की परतते.

म्हणून एखाद्या नव्या औषधाने उंदरांच्या फिट थांबल्याची बातमी वाचाल, तेव्हा आधी विचारा: कोणता वंश, कोणता उपवंश, किती वयाचे, नर की मादी, खायला काय आणि ठेवले कुठे? याची उत्तरे नसतील, तर त्या बातमीवर भिस्त ठेवू नका.