उन्हात ठेवलेला सेल पुन्हा भरतो का?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर परिसरातील अनेक भागांत वीज गेली. अशा वेळी मोबाईल बंद पडतात आणि घरोघरी जुन्या विजेऱ्या शोधल्या जातात. त्यातले सेल संपले की कोणीतरी हमखास सुचवते, 'उन्हात ठेवा, पुन्हा चालतील.' आणि ते थोडा वेळ चालतातही! मग मोबाईलच्या बॅटरीसारखा हा सेलही पुन्हा प्रभारित झाला, असे म्हणायचे का?

विजेरीतल्या साध्या कोरड्या घटात बाहेरचे जस्ताचे भांडे हेच ऋणाग्र असते. घट वापरताना जस्त झिजते आणि कांडीभोवतीच्या मँगनीज डायऑक्साइडमध्येही बदल होतो. विश्रांती मिळाली की अग्रांजवळ साचलेले पदार्थ आतल्या लगद्यात पसरतात. उन्हाच्या उबेने हे पसरणे वेगाने होते आणि दिवा पुन्हा पेटतो. पण झिजलेल्या जस्ताचा एक अणूही परत आलेला नसतो. दमलेल्या बैलाने विसावा घेतला, पण वैरण काही पोटात गेली नाही, तसेच हे.

मग उलटा प्रवाह सोडला तर? थोडे जस्त परत जमते, पण सुयांसारखे, वेडेवाकडे; भांडे पूर्ववत होत नाही. शिवाय आत वायू तयार होऊन बंद घट गळू किंवा फुटू शकतो. म्हणून असा घट चार्जरला कधीही लावू नये. याला प्राथमिक घट म्हणतात.

द्वितीयक घटात अभिक्रिया उलटवता येते आणि पदार्थ आपापल्या जागी परततात. प्लान्टे यांनी १८५९ मध्ये बनवलेल्या शिसे-आम्ल घटात दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. ते आम्लात जवळजवळ विरघळत नाही, पट्टीलाच चिकटून राहते. प्रभारण करताना त्याचे एका पट्टीवर शिसे आणि दुसरीवर लेड डायऑक्साइड होते. मोबाईलच्या घटात लिथियमचे आयन दोन्ही अग्रांच्या थरांमध्ये ये-जा करतात. थरांची रचना बहुतांशी टिकते. या घटाच्या विकासासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. अर्थात प्रत्येक फेरीत थोडी झीज होतेच, म्हणून हे घटही अमर नाहीत.

मग चांगला घट कोणता? रोजच्या वापराला द्वितीयक. पण तो भरायला वीज लागते, आणि पुरात नेमकी तीच नसते. प्राथमिक घट न वापरता वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी विजेरीजवळ, पण विजेरीबाहेर, नवे कोरडे घट ठेवावेत.

वर्गात हे करून पाहा. एकाच वेळी संपलेले दोन कोरडे घट घ्या. एक दोन तास उन्हात, दुसरा सावलीत ठेवा. मग प्रत्येकाला सारखाच छोटा दिवा जोडा आणि किती वेळ पेटतो ते मोजा. घट फोडू नका, विस्तवाजवळ नेऊ नका. लिथियम घट तर या प्रयोगात वापरूच नका. सावलीतला घटही थोडा वेळ पेटला, तर मुलांना विचारा: त्याला ऊर्जा कोणी दिली?