रंग कुठून आला?

होळकरांचा निळा हिरा जिनिव्हात पुकारला गेलाच नाही. २३.२४ कॅरटचा ‘गोलकोंडा ब्लू’ १४ मे २०२५ रोजी क्रिस्टीजच्या लिलावात येणार होता. साडेतीन ते पाच कोटी डॉलर, म्हणजे जवळपास तीनशे ते सव्वाचारशे कोटी रुपये, असा अंदाज छापून आला आणि ऐन वेळी हिरा यादीतून निघाला. इंदूरच्या होळकरांनी १९२३मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून तो हातातल्या दागिन्यात जडवून घेतला होता. १९४७मध्ये तो अमेरिकी जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेला आणि पुढे काही काळ बडोद्याच्या गायकवाडांकडेही होता. त्याच्या किमतीवर आणि मालकीवर पुष्कळ लिहून झालं आहे. माझं मन अडकलं ते दुसऱ्याच प्रश्नात: हा निळा रंग आला कुठून?

शुद्ध कार्बनच्या निर्दोष स्फटिकाला रंग नसतो. त्यात परका अणू शिरला किंवा आतली घडी विस्कटली, तरच रंग उमटतो. नायट्रोजन शिरला की हिरा पिवळा होतो. पांढऱ्या हिऱ्यात अशी पिवळसर झाक दिसली तर भाव उतरतो, पण तीच झाक एका मर्यादेपलीकडे गडद झाली की भाव चढू लागतो. गुलाबी रंगात तर परका अणू लागतच नाही. जमिनीखालच्या प्रचंड दाबाने स्फटिक पिळवटला जातो आणि त्या वळांतून गुलाबी छटा येते. जगातल्या गुलाबी हिऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक हिरे देणारी ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण २०२०मध्ये बंद झाली, तेव्हापासून या हिऱ्यांची चणचण आणखी वाढली.

निळ्याचं कारण बोरॉन. दहा लाख कार्बन अणूंमागे बोरॉनचा एखादा अणू, कित्येकदा तेवढाही नाही. पण बोरॉन मुख्यत्वे पृथ्वीच्या वरच्या कवचात सापडतो, आणि २०१८मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार हे निळे हिरे ६६० किलोमीटरहून खोल जन्मतात. नेहमीचे हिरे साधारण दीडशे-दोनशे किलोमीटरवरचे. मग एवढ्या खोलात बोरॉन पोचला कसा? संशोधकांचं उत्तर असं, की समुद्रतळाचा खडक भूपट्टाबरोबर खाली ओढला गेला आणि त्याने समुद्राच्या पाण्यातला बोरॉन सोबत नेला. बोटभर दागिन्यात कुठल्याशा प्राचीन समुद्राचा अंश असतो, हे वाचल्यापासून निळ्या हिऱ्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

निसर्गाला ज्यासाठी युगं लागतात, ते माणसाने काही तासांत करायला शिकून घेतलं. सर विल्यम क्रुक्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरे रेडियमच्या क्षारांत पुरून ठेवले. ते हिरवे झाले, आणि किरणोत्सारीही. पुढे कणांना प्रचंड वेग देणारा सायक्लोट्रॉन आला. त्याचा मारा हिऱ्याच्या तळाकडून केला तर टोकाभोवती उघड्या छत्रीसारखी आकृती उमटते आणि भिंगाखाली चोरी पकडली जाते. आता इलेक्ट्रॉनचा मारा करून वर भट्टीत तापवतात, त्यातून निळा, पिवळा, गुलाबी असे रंग मिळतात. १९९९मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रक्रिया केलेले हिरे बाजारात आले, तेव्हा व्यापारी हादरले होते. प्रचंड दाब आणि दोन हजार अंशांच्या आसपास उष्णता देऊन तपकिरी, कमी भावाचे हिरे रंगहीन करता येत होते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वरून पातळ लेप. तो ओरखड्याने जातो.

रत्नपारख्यांचा खरा कस लागतो तो हिरव्या हिऱ्यात. निसर्गातही हिरवा रंग किरणोत्सारानेच येतो. शेजारच्या खनिजातले किरण लक्षावधी वर्षं हिऱ्यावर पडत राहतात आणि कार्बनचे अणू जागचे हलतात. प्रयोगशाळेतही तेच घडतं, म्हणून काही हिरव्या हिऱ्यांच्या प्रमाणपत्रावर जगातल्या नामांकित प्रयोगशाळेलाही ‘रंगाचे मूळ अनिश्चित’ असं लिहावं लागतं. अशा वेळी कामी येतो इतिहास. जर्मनीतला सुमारे ४१ कॅरटचा ‘ड्रेस्डेन ग्रीन’ अठराव्या शतकात सॅक्सनीच्या शासकाने विकत घेतला, आणि किरणोत्साराचा शोध लागला १८९६मध्ये. त्याचा रंग माणसाने दिलेला असूच शकत नाही. म्हणून तज्ज्ञांनी १९८८मध्ये याच हिऱ्याची कसून तपासणी केली: अस्सल हिरवा कसा दिसतो, हे त्याच्याकडून शिकण्यासाठी.

उलट उदाहरण १९७१चं. १०४ कॅरटचा पिवळाधमक ‘डीपडीन’ जिनिव्हातल्या लिलावात नैसर्गिक म्हणून विकला गेला आणि नंतर तपासणीत रंग किरणोत्साराने दिलेला निघाला. एवढ्या मोठ्या लिलावघरात असं होऊ शकतं, तर चार पैसे साठवून अंगठी घेणाऱ्याने केवळ नजरेवर कसं विसंबावं?

माझं मत स्पष्ट आहे. रंग दिलेला हिरा खोटा नव्हे. तो जमिनीतूनच आलेला असतो, अनेकदा सुंदर असतो, आणि ज्याला नैसर्गिक रंगाचा भाव परवडत नाही त्याने तो आनंदाने घालावा. खोटेपणा असतो तो प्रक्रिया लपवून नैसर्गिक रंगाचे पैसे घेण्यात. त्यात नुकसान फक्त किमतीचं होत नाही. दागिना दुरुस्तीला दिला आणि सोनाराच्या ज्योतीची धग लागली, तर किरणोत्साराने दिलेला रंग पालटू शकतो. ज्याला माहीतच नाही, तो सोनाराला सांगणार काय?

म्हणून पेढीवर भाव विचारण्याआधी रंगाचं मूळ विचारा, प्रमाणपत्रावर ते वाचा आणि बिलावर लिहून घ्या. बोरॉनने निळ्या झालेल्या हिऱ्यातून वीज वाहते, किरणांनी निळ्या केलेल्यातून वाहत नाही. म्हणजे किरणांनी रंगवला आहे का, हे निळा हिरा तरी बहुधा स्वतःच सांगतो. बाकीच्या रंगांचं खरं-खोटं विकणाऱ्यानेच सांगायला हवं, आणि ते त्याच्याकडून लेखी मिळवणं हा आपला हक्क आहे.