घाटातील ट्रॅक्टर व ट्रॉलीचा भार

सपाट सडकेवर 5 टनांची भरलेली ट्रॉली सहज ओढणारा ट्रॅक्टर कुंभार्लीसारखा घाट ती घेऊन कदाचित चढेलही. परंतु तोच भार तो सुखरूप खाली उतरवील, असे मात्र नाही. खरेदीच्या वेळी अश्वशक्तीची चौकशी सर्वजण करतात. उतारावर प्रश्न ओढण्याचा नसून धरून ठेवण्याचा असतो, आणि ब्रेक सहसा मागील चाकांनाच असल्याने ते काम त्या दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून राहते.

समजा, ट्रॅक्टरचे वजन 2 टन व मालासह ट्रॉलीचे 5 टन आहे. 12 मीटर अंतरास 1 मीटर उतार असेल, तर हा 7 टनांचा भार सुमारे 580 किलोच्या जोराने खाली रेटतो. दांडीचा भार धरून मागील चाकांवर दीड टन वजन असल्यास कोरड्या डांबरी सडकेवर ती सुमारे 900 किलोचा रेटा अडवितात. पावसाने सडकेवर चिखल आला की ही पकड निम्म्यावर, 450 किलोवर येते. मग ब्रेक कितीही उत्तम असोत, चाके थांबतात व ट्रॅक्टर घसरतच राहतो. मागची ट्रॉली त्यास आडवा करते.

ट्रॉली मालासह 2 टनांचीच असेल, तर रेटा 330 किलोच्या आसपास राहतो. यास्तव ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक नसल्यास पावसाळी घाटात तिचे भरलेले वजन ट्रॅक्टरच्या वजनाहून अधिक असू नये. एकाऐवजी अनेक खेपा होतील व डिझेल अधिक जळेल, हे खरे.

ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो, त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये तो उतरावा, व तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून उतरण्याची काही चालकांस खोड असते. ती अत्यंत घातक होय. इंजिनाचा रोध सुटतो व सारा भार ब्रेकांवर पडून ते तापतात. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक सडकेवर येताच एकत्र अडकवावेत. एकच चाक धरले गेल्यास ट्रॅक्टर उलटतो.

चढावर धोका निराळा असतो. ट्रॉली उंचावर जोडल्यास पुढील चाके उचलली जातात. म्हणून कंपनीने दिलेल्या खालच्या हुकालाच ती जोडावी.

वाटेत थांबल्यास चाकांना उताराच्या बाजूने दगड लावावा, आणि निघताना तो सडकेवरून उचलून कडेस ठेवावा.