यंदा नको

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात. बीड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं हे ठिकाण. पावसाळ्यात गर्दी धबधब्यासाठी, कार्तिकात स्वामींसाठी. याच दिवसांत जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी घडत असतात. ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबं कोयते बांधून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि जत्रांमधल्या कुस्त्यांच्या हगाम्यांचे बेत सुरू होतात. तालमीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं काय करायचं, हे वस्तादाला आता ठरवावं लागतं. यंदा फडात उतरवायचा, की अजून एक वर्ष हौदातच घोळवायचा?

या निर्णयाचं सगळ्यात पद्धतशीर शास्त्र अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलनं केलं. (आपला फुटबॉल नव्हे, तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून धडका देण्याचा.) तिथल्या नियमानं खेळाडूच्या हाती पाच वर्षं असतात आणि खेळायचे हंगाम चार. उरलेलं एक वर्ष त्याला बाजूला ठेवता येतं. तो रोज सराव करतो, वजन वाढवतो, वर्गात बसतो, शिष्यवृत्तीही चालू राहते. फक्त सामना खेळत नाही. याला रेडशर्ट म्हणतात. 1937 साली नेब्रास्का विद्यापीठाच्या वॉरन अल्फसननं असं एक वर्ष स्वतःहून मागून घेतलं आणि तिथून ही चाल पडली, असं सांगतात.

प्रशिक्षकाचा हिशेब रोकडा असतो. आघाडीच्या फळीत छाताडाला छाताड भिडवणाऱ्या गड्याला पहिल्या वर्षी बहुधा थांबवतात, कारण अठराव्या वर्षी बाविशीच्या गड्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. पळण्याचा वेग मात्र वयासाठी थांबत नाही, म्हणून चपळ पोरगा लवकर मैदानात दिसतो. चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागेवर जुना खेळाडू पाय रोवून असेल, तर नव्याला बसवणंच शहाणपणाचं. पूर्वी मोसमात एकदा जरी मैदानात पाऊल टाकलं तरी, मोठ्या दुखापतीचा अपवाद सोडला, तर ते वर्ष खर्ची पडायचं. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत मुभा मिळाली. थांबण्याचं फळ किती मोठं असू शकतं, याचा दाखला जॉनी मॅन्झिएल. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पहिलं वर्ष बाजूला बसलेल्या या पोरानं 2012 साली, खेळायच्या पहिल्याच हंगामात, हाइझमन हा तिथला सर्वोच्च मान पटकावला.

ही सगळी व्यवस्था ज्यावर उभी आहे ती गोष्ट आपल्याकडे नाही. तिथे थांबवलेला हंगाम खेळाडूच्या खात्यावर शिल्लक राहतो. आपल्या पोराचं वय कुणासाठी थांबत नाही. कुस्तीचे गट 15, 17, 20 आणि 23 वर्षांखालचे. सतरा वर्षांखालच्या गटाचं शेवटचं वर्ष हुकलं की हुकलं, पुढच्या वर्षी समोर वीस वर्षांपर्यंतची पोरं. म्हणून मग गैरमार्ग निघतो. जन्मदाखल्यात एक-दोन वर्षं मारायची. वयचोरीबद्दल आपण पोरांना आणि पालकांना शिव्या घालतो, त्या घालायलाच हव्यात. पण अमेरिकेत नियम जे वर्ष उघडपणे देतो, तेच इथे दाखल्यावर चोरलं जातं, हेही बघायला हवं.

वस्ताद कशावरून ठरवतो? कागदावर काहीच नसतं. पहाटे जोर-बैठका झाल्या की पोरं हळद, तेल, ताक घालून मुरवलेल्या मातीत उतरतात, आणि वस्ताद हौदाच्या कट्ट्यावर बसून बघत राहतो. पहिल्या लढतीत सगळेच चांगले दिसतात. त्याची नजर चौथ्या-पाचव्या लढतीवर असते. दम तुटल्यावर मान खाली जाते का? मोठ्या गड्यानं गर्दनखेच केली की पोरगा मागे रेटला जातो, की पाय रोवून पट काढायला बघतो? एकच डाव येतो, की घिस्सा फसला तर ढाकेवर जाता येतं? ‘हाड अजून कोवळं आहे’ हा शेरा अशा पाहणीतून निघतो. त्यात आणखी एक भीती असते. हगाम्यात जोड लावणारे कमिटीवाले काही त्याच्या तालमीचे नसतात. वजनाला तोलामोलाचा म्हणून पुढे केलेला गडी चार मोसम जास्त खेळलेला निघाला, तर पोरगा पाठीवर पडतो तो पडतोच, वर गुडघाही घेऊन येतो.

थांबवण्यातही चूक होते, आणि तिचं आपल्याकडचं सर्वात नावाजलेलं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात चण लहान म्हणून क्रीडाशिक्षकानं त्यांना स्पर्धेत घ्यायचं नाकारलं होतं. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आडदांड गडी लोळवले. हेच खाशाबा 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन परतले. अंगावरून गडी जोखणाऱ्यांनी ही गोष्ट उशाला ठेवून झोपावं.

कपिलधारहून मांजरसुंब्याला आलं की पश्चिमेला पाटोद्याचा रस्ता लागतो. कुस्तीगीर राहुल आवारे तिथला. वडील स्वतः पैलवान. पोराला त्यांनी पुण्यात रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या, म्हणजे सगळ्यांच्या ‘मामां’च्या, हाताखाली दिलं. 2011 साली मामा गेल्यावर वस्ताद काका पवारांनी त्याला सांभाळलं. राहुलचं वाट पाहणं मात्र वस्तादानं ठरवलेलं नव्हतं. 2016 ला रिओला 57 किलोत संदीप तोमर गेला. 2018 ला गोल्ड कोस्टला राहुलनं त्याच वजनात राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं, 2019 ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. पण ते 61 किलोत, आणि 61 किलो हा ऑलिंपिकचा गटच नाही. टोकियोला 57 किलोत रवी दहिया उतरला आणि रौप्य घेऊन आला. पैलवानाच्या उमेदीच्या काळातली दोन ऑलिंपिकं अशी गेली, आणि ती परत द्यायची सोय कुठल्याही नियमात नाही.

खरा प्रश्न पैशाचा आहे. थांबवलेल्या पोराला खुराक लागतोच, उलट जास्त लागतो: दूध, तूप, बदाम, थंडाई. अमेरिकेत तो भार विद्यापीठ उचलतं. इथे तो बापाच्या डोक्यावर, आणि बाप ऊसतोडीला जाणारा असेल तर दूध-बदाम त्याच उचलीतून आले पाहिजेत. हगाम्यातलं इनाम, मग ते पाचशेचं का असेना, अशा घरात खुराकाचा हप्ता असतो. वस्तादाला पोरगा कच्चा दिसत असतो, घराला इनाम दिसत असतं, आणि पुष्कळदा घर जिंकतं. मला त्यात घराचा दोष दिसत नाही.

ज्याचा खर्च दुसऱ्यानं उचलला, असाही एक जण याच जिल्ह्यातला आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तो बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहून आला, आणि 2015 साली लष्करातल्या क्रॉसकंट्रीत धावू लागला तेव्हा विशीही उलटली होती. अंगावर वाढलेलं वजन त्यानं घाम गाळून उतरवलं. 2018 ला भुवनेश्वरला 3000 मीटर स्टीपलचेसचा गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्यानं मोडला. 2022 ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य मिळवलं. मधल्या वर्षांत त्याचा पगार चालू होता, जेवण चालू होतं.

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पोरं घेतात, पण जागा मोजक्या आणि गावच्या तालमी पुष्कळ. माझं म्हणणं यात्रा कमिट्यांना आहे. शेवटच्या कुस्तीला लाखाचं इनाम लावताना त्यातला दहावा हिस्सा बाजूला काढावा आणि पंचक्रोशीतल्या वस्तादांनी ‘यंदा नको’ म्हणून ठेवलेल्या दोन-तीन पोरांच्या खुराकाला द्यावा. अट एकच घालावी: त्या मोसमात पोरगा कुठल्याही फडात लंगोट लावणार नाही. नावं हगाम्यातच, भोंग्यावरून, देणगीदारांच्या नावांबरोबर पुकारावीत. म्हणजे पोरगा गुपचूप दुसऱ्या गावी जाऊन जोड लावू लागला, तर चार माणसं त्याला तिथेच ओळखतील.