बँकेच्या खिडकीवरील प्रश्न

जालना जिल्ह्यातील शेतकरी कापूस वा मोसंबी विकून बँकेत रोकड भरू लागला की, "एवढे पैसे कोठून आले?" असा प्रश्न त्यास कधी कधी ऐकावा लागतो. प्रश्न बोचतो, तथापि अवैध पैसा वैध भासविण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा कायदा त्यामागे आहे. दहा लाख रुपयांवरील रोख व्यवहार बँकेस केंद्र शासनाच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागास कळवावे लागतात. अडतीची हिशोबपट्टी दाखविल्यास बहुधा शंका मिटते.

मात्र राष्ट्रीयीकृत बँकांवर १९७० च्या कायद्याच्या कलम १३ ने गुप्ततेचे बंधनही घातले आहे. रांगेतील शेजाऱ्यास ऐकू जाईल अशा आवाजात रक्कम उच्चारणे त्याच्याशी विसंगत होय. मुलाचा पगार, मुलीची सोयरीक यांची चौकशी तर निव्वळ आगाऊपणा! लेखी तक्रारीची दखल बँकेने ३० दिवसांत न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.