पंचेचाळीस दिवसांचा पिवळा

गडद पिवळा रंग, दाट सुवास, जुन्या गुलाबासारखे पाकळ्यांनी ठासून भरलेले फूल आणि एकाच हंगामात पुन्हा पुन्हा येणारा बहर, हे चार गुण एका झुडपावर आणायला युरोपला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. तिथल्या जुन्या बागांत गुलाबी, पांढरे, जांभळट गुलाब उदंड होते, पण पिवळ्याचा दुष्काळ होता. १८३७ मध्ये सर हेन्री विलॉक यांनी इराणातून ‘पर्शियन यलो’ इंग्लंडला नेला. रंग असा की हळदीने मान खाली घालावी. पण तो ज्या जातीचा, तिचे शास्त्रीय नावच ‘रोझा फिटिडा’, म्हणजे दुर्गंधी गुलाब. शिवाय तो वर्षातून एकदाच फुले. लियाँच्या जोसेफ पेर्ने-ड्यूशे यांनी त्याचा संकर साधून १९०० मध्ये ‘सोलेई दॉर’ काढला आणि आधुनिक गुलाबांत खरा पिवळा शिरला. त्याच्याबरोबर पानांवर काळे ठिपके पडण्याची खोडही आली. सून सोने घेऊन आली, तसे माहेरचे दुखणेही घेऊन आली.

इंग्लिश गुलाब म्हणतात तो वर्ग त्यानंतरचा. श्रॉपशरमधल्या शेतकरी घरातले डेव्हिड ऑस्टिन (१९२६–२०१८) यांनी जुन्या गुलाबाचा घाट व वास आणि नव्या गुलाबाचा रंग व बहर एकत्र आणायचे ठरवले. त्यांची पहिली जात, ‘कॉन्स्टन्स स्प्राय’, १९६१ ची. ती गुलाबी आणि एकदाच फुलणारी. १९८३ मध्ये चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात ‘ग्रॅहम थॉमस’ आला, तेव्हा लोकांनी मान्य केले की असा पिवळा झुडपी गुलाब पूर्वी नव्हता. जुन्या गुलाबांचे जाणकार ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांचे नाव त्याला दिलेले आहे. २००९ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतले. पाठोपाठ ‘द पिल्ग्रिम’ (१९९१), ‘गोल्डन सेलिब्रेशन’ (१९९२), ‘मोलिन्यू’ (१९९४) आणि जर्दाळूकडे झुकणारा ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१९९५) आले. मोलिन्यू हे फुटबॉलच्या मैदानाचे नाव आहे, हे त्या फुलाकडे पाहून कुणाला सांगूनही पटू नये.

या सगळ्या जाती ओलसर, मवाळ उन्हाळ्याच्या देशात जन्मल्या. त्या आता उत्तर प्रदेशातल्या झाशी छावणीतल्या बागांतही लावतात, आणि ते त्यांच्यासाठी जवळजवळ उलटे ठिकाण. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, कधी ओलांडतोही. पाऊस जूनअखेर ते सप्टेंबर एवढ्यातच उरकतो. जानेवारीच्या रात्री मात्र सात-आठ अंशांपर्यंत उतरतात, आणि त्या थंडीच्या भरवशावरच इथे गुलाब होतो.

छावणी आणि गुलाब यांचे नाते तसे जुने आहे, आणि त्यात एक विचित्र योग आहे. झाशीला ‘रोज’ हा शब्द आधी फुलामुळे नव्हे, माणसामुळे कळला. ५ जून १८५७ रोजी उठावाची ठिणगी छावणीतल्याच तारा किल्ल्यात पडली. २१ मार्च १८५८ रोजी इंग्रज सेनानी सर ह्यू रोज शहरापुढे येऊन ठाकले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राणी लक्ष्मीबाईंनी रात्री किल्ला सोडला. पुढे रोजना उमरावपद मिळाले, त्या किताबातही झाशीचे नाव घातले गेले. शहर काही वर्षे शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आले. त्या काळात उत्तरेतल्या छावण्यांमधल्या साहेबी बंगल्यांचा लाडका पिवळा गुलाब म्हणजे १८६४ चा फ्रेंच ‘मारेशाल नील’. तो वेलासारखा चढणारा, मान लवलेला, सुवासिक. युरोपच्या थंडीत त्याला काचघर लागे. हिंदुस्थानी मैदानात तो उघड्यावर पोसला जाई. पिवळा गुलाब इथे यावा ही हौस त्यामुळे इंग्लिश गुलाबाच्या आधीची आहे.

लागवडीत पहिला प्रश्न मातीचा. बुंदेलखंडात मातीला चार नावे आहेत: राकड, पडुआ, काबर आणि मार. राकड म्हणजे ग्रॅनाइट झिजून झालेली तांबडी, खडेवजा, पाणी न धरणारी. पडुआ तिच्याहून भुसभुशीत. काबर आणि मार काळ्या. मार तर विदर्भातल्या कपाशीच्या जमिनीची बहीण शोभेल. गुलाबाला पडुआ मानवते. राकडीत दीड-दोन फूट खड्डा खणून तो मुरलेल्या शेणखताने निम्मा भरावा लागतो. मारीत पावसाळ्यात मुळे कुजतात, म्हणून वाफा उंच करतात. बोअरच्या जड पाण्याने कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची उणीव. त्यावर हिराकस उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न खुंटाचा. इंग्लिश गुलाब इथे स्वतःच्या मुळांवर क्वचितच टिकतो. जानेवारी-फेब्रुवारीत रानटी किंवा देशी गुलाबाच्या खुंटावर त्याचा डोळा भरतात. उत्तरेत त्यासाठी ‘इंडिका’ आणि ‘एडवर्ड’ हे खुंट चालतात. मराठीत डोळा भरतात, झाशीच्या माळ्यांच्या हिंदीत ‘चश्मा’ चढवतात. काम एकच: सालीला टी अक्षरासारखी चीर द्यायची, कळी असलेला सालीचा तुकडा आत सरकवायचा, पट्टीने बांधायचा. डोळा हिरवा राहिला तर लागला, काळा पडला तर गेला.

यानंतर ज्या कामावर सारा हंगाम तोललेला असतो ते म्हणजे छाटणी. छावणीत ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होते. पाऊस गेलेला असतो, उकाडा ओसरत असतो, झाडाने पावसाळ्यात भरमसाट वाढवलेले फोक उन्हात डुलत असतात. हायब्रीड टी वर्गातले आधुनिक गुलाब इथे कठोरपणे, गुडघ्याच्या खाली छाटतात. इंग्लिश गुलाबाला तसे चालत नाही. त्याची निम्मी उंची राखतात. मेलेले, आत वळलेले, एकमेकांवर घासणारे तेवढे मुळापासून काढतात. काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या वर, तिरका.

कापून झाले की बागेत एक वेगळाच वास पसरतो, आणि तो गुलाबाचा नसतो. छावणीतला एक जुना माळी डालड्याच्या जुन्या डब्यात लेप कालवतो: जवसाचे तेल, तांब्याची भुकटी आणि शेंदूर. हा लेप त्याचा घरगुती शोध नव्हे. रानीखेतजवळच्या चौबटिया फळसंशोधन केंद्राच्या नावाने तो ओळखला जातो. तांब्याचा कार्बोनेट, शेंदूर आणि जवसाचे तेल हे त्याचे घटक. कापलेल्या टोकातून बुरशी आत शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत मरते. तिला अडवायला हा लेप. शेंदूर म्हणजे शिसे, हे खरे. हाताला लागू नये, मुलांच्या हाती पडू नये. म्हणून आता पुष्कळ जण शिसे नसलेला बोर्डो लेप वापरतात आणि ते शहाणपणाचे आहे. पण जवस बुंदेलखंडाचे जुने पीक, तेल घरातलेच, आणि माळ्याचा डबा बदललेला नाही. काडीला गुंडाळलेल्या चिंधीने तो एकेका टोकाला ठिपका लावत जातो. बोटे शेंदरी होतात. ऑक्टोबरच्या उन्हात तेलाचा उग्र, किंचित गोड दर्प वाफ्यावर तरंगत राहतो, आणि चाळीस-पन्नास बोडकी टोके गावाबाहेरच्या मारुतींसारखी लालभडक होऊन रांगेत उभी राहतात. पिवळ्या गुलाबाच्या वर्षातला सर्वांत ठसठशीत रंग हाच असावा.

“पैंतालीस दिन,” माळी सांगतो, आणि गेरूने भिंतीवर तारीख ओढतो. छाटणीपासून फुलापर्यंत पंचेचाळीस दिवस.

हा आकडा उत्तरेतल्या सगळ्या गुलाबबागांत ऐकू येतो आणि हायब्रीड टीच्या बाबतीत बराचसा खराही ठरतो. इंग्लिश गुलाबाची कळी मात्र जड असते. पाकळ्यांची दाटी भरायला वेळ लागतो, थंडी लवकर उतरली तर आणखी. कळी पन्नाशी ओलांडून उमलली, कधी साठीला टेकली, तरी माळ्याचे गणित हलत नाही. दिवस चुकले, असे तो म्हणतो. एका अर्थी छावणीतला हा हिशेब पंचेचाळीसच्या दोन खुंट्यांवर टांगलेला आहे: ऑक्टोबरपासूनचे पंचेचाळीस दिवस आणि मेमधले पंचेचाळीस अंश.

त्या दिवसांतली कामे नेहमीचीच. आळे उकरणे, मुळे उघडी ठेवून ऊन देणे, शेणखत, निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा घालणे, आठवड्याला एक-दोन पाणी. मावा आणि भुरी थंडीत येतात, फुलकिडे फेब्रुवारीनंतर, वाळवी बारमाही.

‘ग्रॅहम थॉमस’ला मात्र वेगळे वळण लावावे लागते. इंग्लंडात छातीभर राहणारे हे झुडूप उष्ण मुलखात आठ-दहा फुटांचे फोक फेकते आणि फुले फक्त शेंड्यांना, तीही माणसाच्या नाकापासून दूर. अनुभवी माळी असे फोक कापत नाही. वाकवून जमिनीशी समांतर, खुंट्यांना बांधतो. फांदी आडवी झाली की शेंड्याची हुकमत संपते आणि पेरापेरातून फुटवे निघतात; प्रत्येक फुटव्याला फूल. ‘गोल्डन सेलिब्रेशन’ तुलनेने आटोपशीर, पण फूल इतके जड की देठ झुकतो. प्रदर्शनात ताठ मानेला गुण असतात, त्यामुळे ते तिथे मार खाते. कमरेच्या उंचीवरच्या झुडपात ही लव सोयीचीच, कारण फूल आपण होऊन माणसाकडे तोंड करते.

आता वासाकडे. पिवळ्या इंग्लिश गुलाबांचा मूळ वास चहाचा. चहाचा नवा पुडा फोडताच येतो तसा, कोरडा आणि स्वच्छ. तो चिनी गुलाबांकडून आलेल्या डायमेथॉक्सिटॉल्युइन या द्रव्याचा. अत्तराच्या देशी गुलाबात ते जवळजवळ नसते; तिथला गोड, मऊ वास फिनाइल एथिल अल्कोहोल आणि जिरॅनिऑल यांचा. म्हणूनच गुलकंदाची सवय असलेले नाक पिवळ्या गुलाबापाशी आधी गोंधळते. ‘ग्रॅहम थॉमस’च्या चहात व्हायोलेट फुलांची थंड छटा असते; ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’च्या वासाला त्याच्या उत्पादकांनीच पेरूची उपमा दिली आहे. उत्तर प्रदेशात ती समजावून सांगावी लागत नाही, कारण हे फूल आणि हातगाडीवरचे पिकले पेरू दोन्ही एकाच हंगामात येतात.

या छटांमागे एक देखणी रसायनविद्या आहे. गुलाबाचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, म्हणजे गाजर, भोपळा आणि पिकल्या आंब्याच्या कुळातला. ही द्रव्ये तुटली की आयोनोनसारखी सुगंधी द्रव्ये तयार होतात. व्हायोलेटचा वास त्यांचाच. एखाद्या घराने दागिना मोडून सण साजरा करावा, तसे हे फूल रंगाचा काही भाग मोडून वास करते. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात हा व्यवहार सावकाश चालतो आणि फूल चार-पाच दिवस टिकते. मार्चअखेरच्या उन्हात सकाळी सोनेरी उमललेले फूल संध्याकाळी फिके, दुसऱ्या दिवशी ताकासारखे पांढुरके, तिसऱ्या दिवशी जमिनीवर.

वास घ्यायची वेळही ऋतूप्रमाणे सरकते. जानेवारीत धुक्याच्या पहाटे नाक खुपसूनही काही हाती लागत नाही, कारण गारठ्यात सुगंधी द्रव्ये उडतच नाहीत. दहा-अकरा वाजता ऊन पाकळ्यांवर आले की वास मोकळा होतो. मार्चमध्ये उलटे: सूर्योदयानंतर तासभर, मग सारे उडून गेलेले. फुले तोडायची तीही त्याच वेळेला, अर्धवट उमललेली, देठ लगेच पाण्यात. देवाच्या हारात हा गुलाब चालत नाही. सुई लागताच पाकळ्या सुटतात. झाशीत नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून राहिलेल्या मराठी घरांत पिवळ्या फुलाचा मान शेवंतीचा आणि झेंडूचा, आणि तो त्यांच्याकडेच राहिलेला बरा. (गंमत अशी की हिंदीत ‘सेवती’ हे गुलाबाचेच नाव, तेही पांढऱ्या.) पिवळ्या इंग्लिश गुलाबाला पितळी वाडग्यातले उथळ पाणी शोभते.

एप्रिलमध्ये बहर संपवावा लागतो, म्हणजे कळ्या खुडाव्या लागतात. मालकांना ते जिवावर येते. पण ४५ अंशांत फूल धरू दिलेले झाड जूनपर्यंत कोलमडते. बुंध्याशी वाळल्या पानांचा जाड थर, दुपारच्या बाजूला हिरवी जाळी, पाणी संध्याकाळी. छाटणी अजिबात नाही. पानांची सावलीच फांदीची साल भाजण्यापासून वाचवते. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांची पाने गोळा करून जाळतात आणि आळ्यातले पाणी काढून देतात. एवढे करूनही काही झाडे दर उन्हाळ्यात जातात. बाजारात नावाची किंमत मोजून आणलेले रोप दोन मे महिने पाहील याची हमी कुणी देऊ नये.

झाड जाते म्हणजे वरचे जाते. खुंट सहसा मरत नाही. कलमाच्या गाठीखालून, कधी जमिनीतून, त्याचे फोक वर येतात: पाने फिकट, पानावर बहुधा सात पर्णिका, वाढ दांडगी. लक्ष नसेल तर वर्षभरात वाफा एडवर्डचा होतो आणि फेब्रुवारीअखेर घरातले विचारतात, पिवळा लावला होता, गुलाबी कसा झाला? माळ्याला ते जूनमध्येच दिसलेले असते. तो ते फोक उपटत नाही. पावसाच्या पहिल्या झडीनंतर वीतभर लांबीच्या कांड्या तोडून सावलीच्या वाफ्यात रोवतो. हिवाळ्यापर्यंत त्यांना मुळे धरतात, आणि जानेवारीत चश्मा चढवायला खुंट तयार असतात.