हेड गॅसकेट पुन्हा पुन्हा का उडतं? आणि टर्बो बसवायच्या आधी काय बघायचं?

1 जून ते 31 जुलै बंदी, बोटी वर ओढलेल्या. इंजिन उघडायला याच्यापेक्षा बरे दिवस नाहीत. या काळात आम्हाला दोन प्रश्न हमखास येतात. नवीन हेड गॅसकेट टाकलं तरी महिन्यात परत का उडालं? आणि, हेड हुबळीला नेतोच आहोत तर टर्बो टाकून पॉवर वाढवून घेऊ का? दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून एकत्रच सांगतो.

आधी हुबळी का, ते. अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूरवरून वर गेलं की हुबळी. ते बसचं आणि ट्रकचं गाव. वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचं मुख्यालय तिथं, शेजारी धारवाडला टाटाचा बस कारखाना, गोकुळ रोडला औद्योगिक वसाहत. आपल्या ट्रॉलरात बसवलेलं सहा सिलिंडरचं लेलँड इंजिन मुळात त्याच घराण्यातलं. त्यामुळे हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, लायनर ही कामं तिथल्या मिस्त्रीला नवीन नाहीत. फक्त एक गोष्ट त्याला माहीत नसते, ती म्हणजे आपलं खारं पाणी. बसला उतार मिळतो, थांबा मिळतो. आपलं इंजिन जाळं ओढताना तासन् तास भाराखाली असतं. हे आपणच तोंडाने सांगायचं.

गॅसकेट म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधली पातळ चकती. तिने तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: जळणाचा दाब, पाणी आणि ऑइल. ती फुटली की यातलं काहीतरी दुसऱ्यात जातं. हेडर टँकमध्ये इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येतात, पाणी गळती न दिसता कमी होतं, होज दगडासारखी कडक होते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइलात पाणी गेलं, नक्की समजा.

समुद्रात असं झालं तर तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाईल. झाकणही लगेच उघडू नका, वाफ तोंडावर येते. थंड झाल्यावर थेट सेल्फ मारू नका. सिलिंडरात पाणी साठलेलं असेल तर पिस्टन वर येताना अडतो, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू दे. आणि ऑइलात खारं पाणी गेलं असेल तर बंदराला लागल्याच दिवशी ऑइल काढून फ्लश करा. चार दिवस तसंच ठेवलं तर बेअरिंग गंजतात, मग खर्च गॅसकेटचा राहत नाही, क्रँकचा होतो.

गॅसकेट बहुतेक वेळा स्वतःहून उडत नाही, इंजिन तापतं म्हणून उडतं. आणि इंजिन तापतं ते बहुतेक पाण्याच्या बाजूने. तळाच्या जाळीला प्लॅस्टिक पिशवी चिकटली, इंपेलरची पाती झिजली, हीट एक्सचेंजरच्या नळ्यांत खार बसला, झिंक संपून वर्ष झालं. ही बाजू न बघता नुसतं गॅसकेट बदललं तर ते पैसे पाण्यात गेले म्हणायचे, अक्षरशः.

आता खरं काम. हेड काढल्यावर सरळपट्टी आणि फीलर गेज लावून वाक बघायचा. किती चालतो ते इंजिनाच्या पुस्तकात असतं, आणि तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचाच असतो, डोळ्यांना दिसत नाही. हेड प्रेशर टेस्ट करूनच घ्या, दोन व्हॉल्व्हमधल्या जागेत बारीक तडा असतो. फेसिंग करताना लागेल तेवढंच घासायला सांगा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकायची भीती.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लायनर. ओल्या लायनरचं इंजिन असेल तर लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर असावी लागते, तरच गॅसकेट तिथं घट्ट दबतं. आपल्या एका सभासदाच्या बोटीचं हेड एका हंगामात दोनदा उघडलं, दोन्ही वेळा फेसिंग उत्तम होतं. तिसऱ्यांदा डायल गेज लावला तेव्हा कळलं, एक लायनर खाली बसलेला. मिस्त्रीला हे मोजायला सांगा, आणि तो मोजताना समोर उभे राहा.

बोल्ट बसवताना भोकं कोरडी पाहिजेत. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक चिरतो. मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळायचं. "हाताचा अंदाज" इथं चालत नाही. ताणलेले बोल्ट परत वापरू नका. पुस्तकात सांगितलं असेल तर काही तास चालवून पुन्हा टॉर्क द्यायचा आणि टॅपेट नव्याने सेट करायचे.

आता टर्बो. टर्बो जास्त हवा कोंबतो, पंपवाला त्याप्रमाणे डिझेल वाढवतो, सिलिंडरातला दाब चढतो. पहिला बळी कोण? तेच गॅसकेट. कारखान्यातून टर्बो येणाऱ्या इंजिनात पिस्टन वेगळे असतात, त्यांना खालून ऑइलचा फवारा असतो, पाण्याचा पंप मोठा असतो. साध्या इंजिनाला नुसता टर्बो लटकवला तर यातलं काहीच बदलत नाही. गिअरबॉक्सही जुन्याच ताकदीचा राहतो.

वेगाचं गणित तर फारच उलटं आहे. आपल्या पोटाळ बोटीला लांबीची मर्यादा असते. पाण्यावरची लांबी 36 फूट असेल तर सुमारे 8 नॉट, त्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. त्याच्या आतसुद्धा वेग 10 टक्के वाढवायला पॉवर साधारण एक तृतीयांश जास्त लागते. 100 एचपीचं इंजिन पूर्ण भारात तासाला 18 ते 20 लिटर पितं, त्यात वाढ झाली तर परतावा आणि मासळी दोन्ही धरून हिशोब करा. जाळं ओढायला जोर हवा असेल तर आधी पंखा आणि गिअरचं प्रमाण तपासा. मोठा, सावकाश फिरणारा पंखा बऱ्याचदा टर्बोपेक्षा जास्त ओढ देतो. तरीही पॉवर वाढवायचीच असेल तर कारखान्याचं टर्बो मरीन इंजिनच घ्या, आणि नोंदणी व विम्यात नवीन नंबर आणि एचपी चढवून घ्या. नाहीतर अपघातानंतर विमावाला तेवढंच धरून बसतो.

हेड हुबळीला नेताना लाकडी फळीवर बांधा, घासलेली बाजू लोखंडावर टेकू देऊ नका, घाटात घसरतं. सोबत जुनं गॅसकेट, सगळे बोल्ट आणि नोझल न्या. जुन्या गॅसकेटवर कुठे काळं पडलंय त्यावरून मिस्त्री नेमका सिलिंडर ओळखतो, म्हणून ते धुऊ नका. परत आणताना व्हॉल्व्ह कोणत्या नंबरला होते ते खडूने लिहिलेलं आहे ना, हे तिथल्या तिथं बघून घ्या.